सहा पेट्यांचं एकमत

दोन नंबरच्या पेटीने नऊ वाजून चार मिनिटांनी एकशे नव्वद हा आकडा सांगितला आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी तो मागे घेतला. विभावरीने ती नोंद पाहिली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

शहराच्या सदर भागातल्या एका छोट्या कंपनीत ती प्रोग्रॅम लिहायची. नर्मदेच्या काठाने खाली थेट तिलवाऱ्याच्या घाटापर्यंत कंपनीच्या सहा पेट्या खांबांवर बसवलेल्या होत्या. प्रत्येकीत एक लहान संगणक, वर सौर पॅनेल, आत विभावरीचा प्रोग्रॅम. पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा किती सेंटिमीटर वर आहे, ते तो मोजायचा. या सहांवर कोणी साहेब नव्हता. ते आपसात बोलत आणि बहुमताने आकडा ठरवत. एखाद्याचा आकडा इतरांशी जुळला नाही, तर तो स्वतःला बिघडलेला समजे आणि इतरांचा आकडा घेई. ठरलेला आकडा लोकांच्या मोबाइलवर जाई. हिरवा असला तर घाटावर जायला हरकत नाही.

आजचा आकडा बारा होता. हिरवा.

या वेळी तिचे वडील तिलवाऱ्याला, पात्रातल्या खडकावर असत. बापू कांचघर भागातल्या घरून स्कूटरने जात. घोटाभर पाण्यातून खडकापर्यंत चालत जायचं, पैलतीराकडे तोंड करून पेपर वाचायचा, दहा वाजता परत यायचं. वय चौऱ्याहत्तर. पोहता येत नव्हतं. हे ते कोणाला सांगत नसत.

बापूंनी फॅक्टरीत पस्तीस वर्षं तोफांचे सुटे भाग मोजले. त्यांच्या सहीशिवाय एक पिनही पुढे जात नसे. घरीही तेच. दुकानदाराने मोजून दिलेलं पडद्याचं कापड ते घरी आणून पुन्हा मोजत. जावयाची उंचीसुद्धा त्यांनी पत्रिकेवरची मानली नाही. पोरगा दाराशी उभा राहिला तेव्हा चौकटीशी नजरेने ताडून घेतली. विभावरीच्या पेट्या बसल्या त्या वर्षी ते रोज काठीला खुणा करून पाणी मोजत आणि फोनवर तिचा आकडा पडताळून पाहत. वर्षभर दोन्ही आकडे जुळले. मागच्या दिवाळीत त्यांनी काठी माळ्यावर टाकली आणि तिला सांगितलं, तुझं यंत्र पास. असं त्यांनी तिला आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दल म्हटलं नव्हतं.

विभावरीने दोन नंबरची सकाळची बातचीत उघडली. शेजारच्या टेबलावरचा सुमेध खुर्ची सरकवून आला. तो नागपूरहून नुकताच आला होता. पडद्यावर चारच ओळी होत्या.

दोन: माझ्याकडे एकशे नव्वद.

एक, तीन, चार, पाच, सहा: आमच्याकडे बारा.

दोन: माझ्यात बिघाड असावा.

दोन: दुरुस्ती केली. बारा.

"पाच जण एका बाजूला, दीदी," सुमेध म्हणाला. "बिचारा चूप बसला. आमच्या घरी मी असाच बसून राहतो."

विभावरी हसली. व्यवस्था तिने आखली होती तशीच चालली होती. मग तिचं लक्ष बाकीच्या पाचांच्या आलेखावर गेलं. बारा, बारा, बारा. रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं, आठवड्यात इथे थेंब पडला नव्हता, हे खरं. पण काठावर चार म्हशी पाण्यात उतरल्या तरी आकडा थोडा हलतो. हा सहा दिवसांत हललाच नव्हता.

जानेवारीच्या धुक्यात पॅनेल चार्ज होत नव्हते, तेव्हा तिने एक नियम घातला होता. दिवसभर पाणी बदललं नाही, तर बॅटरी वाचवण्यासाठी पेटीने स्वतः मोजू नये. शेजाऱ्याला विचारावं आणि तो सांगेल ते घ्यावं.

तिने एकेक पेटी तपासली. चारने तीनला विचारलं होतं. तीनने पाचला. पाचने सहाला, सहाने एकला. आणि एकने चारला. कोणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने जे ऐकलं तेच नेमकं पुढे सांगितलं होतं. सहा दिवस ते दर दहा मिनिटांनी एकमेकांना बारा सांगत होते, आणि सहा दिवस नदीकडे कोणी पाहिलं नव्हतं.

दोन नंबरची बॅटरी आठवडाभर मेलेली होती. आज सकाळी माणूस जाऊन नवी बसवून आला. नव्याने सुरू झालेली पेटी पहिला आकडा स्वतः मोजून घेते.

सुमेध आता हसत नव्हता. वर डोंगरात कुठेतरी पाऊस झाला असेल, तो हळूच म्हणाला. दोन नंबरपासून तिलवाऱ्याला पाणी पोचायला किती वेळ लागतो, ते त्याने विचारलं. चाळीस मिनिटं, विभावरीने सांगितलं. दोघांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ बेचाळीस.

तिने फोन लावला. पाच वेळा वाजला. सहाव्यांदा बापूंनी उचलला.

"बोल विभा. काहून फोन केला? ऑफिसात चाय नाही मिळाली काय?"

त्यांचा आवाज मजेत होता. पेपरची पानं फडफडली. त्यामागे आणखी एक आवाज होता. तिला आधी तो पुलावरच्या ट्रकांचा वाटला. पण ट्रक जातो आणि आवाज थांबतो. हा थांबत नव्हता.

"बापू, पाणी कुठवर आलंय?"

"थांब," बापू म्हणाले, "मोबाइलमध्ये पाहून सांगतो."