तळ्यात सापडलेली कंठी

"ही आईची कंठी नव्हेच!" वनमालेने दारातूनच निकाल देऊन टाकला. अजून तिची एक चप्पल पायातच होती.

"वन्सं, आधी बसा तरी. पाणी देते," सुगंधा म्हणाली.

"तुझ्या हातचं पाणी नको मला. अठरा वर्षं नाही प्यायले, आज काय नवीन?"

सुगंधाने तांब्या टेबलावर ठेवला. जरा जोरातच ठेवला.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर गाळाने माखलेली, पिवळ्या मण्यांची कंठी पडली होती. शोध सुगंधाच्या नवऱ्याचा, दशरथचा. रिटायर झाल्यावर माणसं हरिपाठाला लागतात, नाहीतर शेअरबाजाराला. दशरथने जमिनीतला धातू शोधायचं यंत्र विकत घेतलं. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीमागचं विसर्जनाचं तळं यंदा उन्हाळ्यात उपसलं, तेव्हापासून तो रोज सकाळी कानाला हेडफोन लावून गाळात हिंडायचा. दोन महिन्यांत त्याला बाटल्यांची बुचं, सायकलची एक घंटी आणि दहा पैशांचं एक नाणं मिळालं होतं. ते नाणं त्याने तीन दिवस शिवकालीन म्हणून सगळ्या मजल्यांवर फिरवलं.

काल सुगंधा पहिल्यांदाच चहाचा थर्मास घेऊन त्याच्या मागून गेली. "अहो, त्या मोडक्या पायरीपाशी बघितलंत का?" म्हणाली. दशरथने बघितलं. यंत्र कोकलायला लागलं.

अठरा वर्षांपूर्वी त्याच तळ्यात त्यांचा गणपती गेला होता. सासूबाईंची कंठी दरवर्षी बाप्पाच्या गळ्यात असायची. उत्तरपूजा झाली की दागिने उतरवायचे, हे सुनेचं काम. सुगंधाने मुकुट काढला, भिकबाळी काढली, हारांखाली हात घातला. कंठी हाताला लागली नाही. आईंनीच आधी काढली असेल, असं तिला वाटलं. आईंनी काढली नव्हती. तळ्यात माणसं उतरवली, काही मिळालं नाही.

"पाण्यात गेली असती तर मिळाली असती," वनमाला तेव्हा म्हणाली होती. "ती पदरात गेली."

झालं. त्या दिवशी तोरणाचे अर्धे दिवे लागले नव्हते, त्याचंही खापर सुगंधाच्याच डोक्यावर फुटलं. आईंनी शेवटचे सहा महिने कपाटाच्या किल्ल्या उशाखाली घेऊन काढले. वनमालेच्या ऋतिकाच्या लग्नात तर सख्ख्या मामीला नवरीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. आणि दशरथ? या अठरा वर्षांत बायकोच्या बाजूने तो एकच वाक्य बोलला होता. "जाऊ दे ना."

सुगंधाने जाऊ दिलं नव्हतं.

"धोंडिरामशेठ, तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या सोनाराने कंठी उचलली, भिंग डोळ्याला लावलं. आईंची कंठी त्याच्याच वडिलांनी घडवली होती.

"आमच्याच दुकानातली आहे," कंठी परत टेबलावर ठेवत तो शांतपणे म्हणाला. "त्यात वादच नाही."

"बघ ताई! मी काय सांगत होतो!" दशरथ उभाच राहिला. "हीच ती! मी तर लांबूनच ओळखली."

"तू गप रे! तुला दहा पैसे ओळखता येत नाहीत!"

"वन्सं." सुगंधा दोन पावलं पुढे आली. "चोर म्हणालात मला. चारचौघांत म्हणालात. माझ्या सासूला माझ्या हातचा घास गोड लागू दिला नाहीत. आता कंठी तळ्यात सापडली. देव्हाऱ्यासमोर चला आणि माफी मागा."

"माफी? मी? अगं, ही आईची नाहीच, तर माफी कसली!"

"नाही कशी? मणी तेच, पदक तेच. एवढंच काय, मागचा फासासुद्धा तसाच शाबूत आहे."

"शाबूत!" वनमाला टेबलावर हात आपटत ओरडली. "अगं ए खोटारडे, शाबूत कसा असेल? आईच्या कंठीचा फासा तुटका आहे! हिरव्या वायरीने पिळून बांधलाय तो! अक्कल शिकवतेस मला?"

बाहेर कुणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली.

"ताई," दशरथ म्हणाला. भाबडेपणानेच म्हणाला. "हिरवी वायर तुला कशी माहीत? मला नाही माहीत."

"कुणालाच माहीत नाही," सुगंधा म्हणाली. "विसर्जनाच्या पहाटे फासा तुटला. घरात सगळी झोपलेली. आई ओरडतील म्हणून मी तोरणाची वायर कापली आणि बांधला. बाप्पाच्या पाठीमागे, शेल्याच्या आत. मागून हात घालून ज्याने कंठी काढली, त्यालाच ती वायर दिसणार."

वनमालेने टेबलावरचा हात काढून घेतला. मग खाली वाकून ती आपली दुसरी चप्पल शोधू लागली. ती पायातच होती.

"कपाटात असेल ना अजून?" सुगंधाने विचारलं. "संध्याकाळी आम्ही दोघं येतो घ्यायला. पाणी मात्र तेव्हा तुमच्या हातचं पिणार नाही मी."

दशरथ आ वासून टेबलाकडे बघत राहिला. त्याच्या आयुष्यातला एकमेव खजिना तिथे पडला होता. "मग… मग ही कुणाची?"

धोंडिरामशेठने कंठी धोतराच्या सोग्याला पुसली आणि खिशात टाकली.

"वहिनी, निघतो मी. परवा तुम्ही ही नेलीत तेव्हापासून शोकेसमधला मखमलीचा पुतळा नुसताच बसलाय बिचारा."