आतल्या बाजूची धूळ

समजा मुलांनो, तुमच्या शेजारच्या काकू वर्षभराने आज घरी येणार आहेत. घराला कुलूप आहे आणि किल्ली त्यांच्याकडेच. आल्या आल्या त्यांना घर कळकट दिसू नये, म्हणून एका मुलीने सकाळीच त्यांच्या खिडकीची काच पुसायला घेतली.

"आई, धूळ आतून आहे गं! ती कशी निघणार?"

"राहू दे. बाहेरून चकचकीत कर, म्हणजे झालं," आई जिना झाडता झाडता म्हणाली.

मुलीने फडकं फिरवलं. तिचा हात जाई तिथली आतली धूळही पुसली जाई. पलीकडे रिकामी खोली दिसू लागली.

ती थांबली. आतलं पुसणं थांबलं नाही.

खालचा एक कोपरा तेवढा राहिला. मुलीने त्यावर बोट टेकवलं.

"इथे राहिलंय," ती हळूच म्हणाली.