देहावाचून

मंदाकिनीबाईंची सगळी हयात मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्रात गेली. कसबा पेठेतल्या खोलीत त्या जुने लॅटिन वाद मोठ्यानं वाचायच्या. शंकाही आपणच काढायची, उत्तरही आपणच द्यायचं. देवदूतांना देह नाही, मग आवाज कुठून येतो, या शंकेपायी त्या महिनाभर येरझारा घालत होत्या. त्यातच घसा पार बसला.

औषध आणायला निघताना त्यांनी खोलीला कुलूप लावलं. खाली शिंपीकाम करणारे सीताराम कुरकुरले, "मॅडम, सकाळपासून किती भांडताय!"

"अहो, माझा आवाजच गेलाय," त्या कशाबशा कुजबुजल्या.

"गेलाय कुठं? वरच आहे की."

कुलूपबंद खोलीतून तीच शंका खणखणीत ऐकू आली, त्यांच्याच आवाजात.

उत्तर द्यायला मंदाकिनीबाईंनी ओठ हलवले.

शब्द वरून आले.