स्वयंपाकघराच्या दारातून दिलेली पेनल्टी

उत्तर न दिलेलं पत्र शब्दकोशात ठेवलं की निदान डोळ्यांआड तरी होतं, असा मास्तरांचा समज होता. पण शब्दकोश रोज उघडायची सवय. त्यामुळे तीन आठवडे ते पत्र रोज समोर येत होतं.

मास्तर म्हणजे फुटबॉलच्या पंचांचे परीक्षक. कपच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला एका तरुण पंचाने पेनल्टी दिली आणि सामना फिरला. दुसऱ्या दिवशी टीव्हीने सगळ्या गावाला दाखवलं, की चेंडू बचावपटूच्या हाताला नाही, खांद्याला लागला होता. मैदानावर मास्तरांनी त्या पंचाला पेन्सिलीने आठ गुण दिले होते. घरी येऊन त्यांनी तो क्षण सहा बाजूंनी, सावकाश पाहिला. आठ खोडून पाच केले आणि शेरा मारला, 'उभं राहण्याची जागा चुकली.'

त्या पत्रात पंचाने लिहिलं होतं, "सर, निर्णय चुकला, कबूल. पण जागा कुठे चुकली ते सांगा, म्हणजे सुधारेन." खाली पावलांसकट नकाशा. पुढच्या आठवड्यात समिती बसणार होती. पाच गुण कायम राहिले, तर मोठ्या सामन्यांतून त्याचं नाव कटणार होतं.

"अहो, कुठे चुकली ते सांगून टाका की त्याला," बायको म्हणाली.

"तेच तर सापडत नाहीये."

"मग उभे राहून बघा. खुर्चीत बसून काय सापडणार, ढेकूण?"

तिने टेबल भिंतीला लावलं. सोफा झाला गोल, उशी झाली चेंडू. चहाला आलेला तिचा भाऊ ढोल्या आयताच हाती लागला. हरलेल्या संघाचा तो कट्टर भक्त. ओरडून बसलेला त्याचा घसा अजून पुरता सुटला नव्हता.

"त्या रेफ्रीसाठी मी उभा राहू? ताई, त्याचं नाव काढलं तरी चहा कडू होतो."

"साखर घालते. तू हल्ला करणारा, मी अडवणारी. फेक उशी."

नकाशातली पावलं निम्मी केल्यावर पंचाची जागा बरोबर स्वयंपाकघराच्या दारात आली. मास्तर तिथे उभे राहिले. ढोल्याने उशी हाणली, बायकोने हात वर केला.

"हात!" मास्तर म्हणाले आणि दचकले.

"कसला हात? खांदा शेकून निघाला माझा!"

मास्तर एक पाऊल डावीकडे सरकले, तर ढोल्याच्या पाठीशिवाय काहीच दिसेना. उजवीकडे सरकले, तर सोफा दिसेना. ते पुन्हा दारात आले. पुन्हा हातच.

"दाजी, तुमचा चष्मा बदला," ढोल्या म्हणाला. "सरका, मी बघतो."

आता मास्तर हल्ला करणारे झाले. पण त्यांच्या काडीएवढ्या अंगाने कोणाचीच नजर अडेना, म्हणून बायकोने त्यांना दोन कोट घातले आणि पोटावर पांघरूण बांधलं. त्यांनी उशी फेकली.

"हँडबॉल!" ढोल्या दारातून गरजला. "पेनल्टी! आंधळा आहे का रेफ्री—"

त्याने खाली, दारातल्या स्वतःच्याच पायांकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी जमिनीवर काठी आपटली. बायको खांदा चोळत सोफ्यावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

मास्तरांनी कोटासकटच लिहायला घेतलं. 'तुमची जागा बरोबर होती. तिथून मीही पेनल्टीच दिली असती. आज सकाळी दोनदा दिली. तुमच्याकडे एक क्षण होता, माझ्याकडे सहा कॅमेरे आणि चहा. निर्णय चुकला त्याचा एक गुण जातो. बाकीचे दोन मी उगाच कापले. सात. तसं समितीलाही कळवतो आहे. उशिराबद्दल क्षमा.'

"एक तरी कापलात. बरं वाटलं," ढोल्या म्हणाला.

"'उगाच' हा शब्द जरा जास्त होतो का?" मास्तरांनी पेन पुन्हा उचललं. "परत लिहून काढतो."

"काही नको." बायकोने कागद ओढून घेतला. "आठाचे पाच केलेत, पाचाचे सात. आता तिसऱ्यांदा खाडाखोड नको."

ढोल्याने तो तिच्याकडून घेतला, ओठ हलवत वाचला, आणि तळाशी सही ठोकली. सहीखाली लिहिलं, 'साक्षीदार. हरलेल्या संघातर्फे.'

"पण रेफ्रीला शिव्या द्यायचं सोडणार नाही, आधीच सांगतो."

"सोड कोण म्हणतंय?" मास्तर म्हणाले. "आधी तो उभा कुठे आहे ते बघ, मग दे."

टपाल उचलायला दहाच मिनिटं होती. तिघं कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेले. मास्तरांनी समितीचं पाकीट आत टाकलं, मग पंचाचं. मग वाकून फटीतून आत पाहिलं. गेलं ना नीट? कडेला अडकलं तर नाही? आत मिट्ट काळोख होता, काही म्हणता काही दिसत नव्हतं.

"पडल्याचा आवाज आला, दाजी," ढोल्या म्हणाला. "मी ऐकला."

"मीसुद्धा," बायको म्हणाली.

मास्तर सरळ उभे राहिले आणि त्यांनी ते मान्य केलं.