बद्द

"शर्ट वर घ्या, काका," डॉक्टर राजनंदिनी म्हणाल्या, आणि कृष्णात सवयीनं विचारून गेला, "कुठलं वाजवू?"

चाळीस वर्षं त्यानं शर्ट वर केला की लोक फर्माईशच करत आले होते. ऑर्केस्ट्रात त्याचा खास आयटम असायचा. गालांवर टाळ, छातीवर हलगी आणि पोटावर ढोलकी. 'पोट वाजवून पोट भरणारे एकमेव कलावंत' अशी निवेदक त्याची ओळख करून द्यायचा. इतकं वाजवूनही ते पूर्ण असं कधी भरलं नव्हतं. आता मात्र घागरीएवढं झालं होतं.

"रविवारी गारगोटीला कार्यक्रम हाय," तो म्हणाला. "तेवढ्यापुरतं वाजंल असं करा की."

डॉक्टरांनी डावा पंजा पोटावर सपाट ठेवला आणि त्यावर उजव्या हाताच्या मधल्या बोटानं ठोकलं. मधोमध टण. कडेला बद्द.

"कुशीवर वळा."

पुन्हा ठोकलं. मघाशी बद्द वाजलेली वरची कड आता टण वाजली. खाली सगळं बद्द.

कृष्णात डोळे मिटून ऐकत होता.

"हात चांगला हाय तुमचा, बाई," तो म्हणाला. "वाद्य गेलं."

"पाणी झालंय पोटात. काढता येईल, पण परत भरेल." त्यांनी पोटावरचा हात काढून घेतला. "लिव्हर संपत आलंय, काका."

त्या बाहेर गेल्या आणि केसपेपर घेऊन त्याची बायको शालूबाई आत आली.

"काय म्हणली ती?"

"ढोलकीची शाई वल्ली झालीया म्हणली. वाळली की वाजतंय."

"खरं?"

"खरं की."

नवऱ्याच्या असल्या वाजवण्याची शालूबाईला जन्मभर लाज वाटत आली होती. कार्यक्रमाला ती एकदाही गेली नव्हती. पण शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या तोंडाशी तिचं माठांचं दुकान होतं. तिनं दाराकडं एकदा बघून घेतलं, बोट दुमडलं आणि त्याच्या पोटावर पेरानं दोनदा वाजवलं. मग कान जवळ नेऊन आणखी एकदा.

"कसं वाजतंय?" त्यानं विचारलं.

तिनं शर्ट खाली ओढला. एकेक बटण लावलं.

"पक्कं हाय," ती म्हणाली.

फुटका माठ पक्का म्हणून तिनं आजवर कुणालाच दिला नव्हता.