हिरव्या ओळी

"समजा धरणाचं दार उघडायचंय. जेव्हा ऑपरेटर बटण दाबील, तेव्हा नदीकाठच्या लोकांना मेसेज निघावा." पुढारी विजयसिंहदादांनी पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचली. "हे बेस हाय. आमाला बी समजतंय."

सॉफ्टवेअरची चाचणी अशी साध्या मराठीत लिहायची टूम कंपनीचे मालक शिवशंकर यांची. काम मंजूर करणाऱ्या पुढाऱ्याला वाचता आलं की तो प्रश्न विचारत नाही, हा त्यांचा बीडमधला अनुभव. वाक्यं मात्र कंपनीत हंगामी कामावर असलेल्या सायलीची. चाचणीसाठी नमुन्याचा मोबाईल नंबर तिनं आपल्या आईचा टाकला होता. बायनाबाई त्याच नदीकाठच्या वस्तीवर राहायची.

चाचणी चालली, ओळी हिरव्या झाल्या, म्हणजे पास. दादा केबिनमध्ये चहाला गेले. सायलीनं हौसेनं आईला फोन लावला.

"माय, मेसेज आला का?"

"न्हाई बाई. कसला?"

चाचणी पास झाली की यंत्र आपला लॉग, म्हणजे काय काय केलं त्याची नोंद, पोटात ठेवतं. नापास झाली तरच ओकतं. सायलीनं ती सोय बंद केली आणि चाचणी पुन्हा चालवली. ओळ हिरवीच. पण खाली लॉग उमटला : 'या नंबरवर व्हॉट्सॲप नाही. मेसेज सोडून दिला.'

आईचा फोन बटणाचा. निम्म्या वस्तीचे फोन बटणाचेच. मेसेज निघावा, एवढंच तिनं लिहिलं होतं. तिला स्वतःचीच चीड आली. तिनं 'निघावा' खोडून 'पोचावा' केलं. ओळ लालभडक झाली.

"हे लाल कावून?" शिवशंकर मागं येऊन उभे होते.

"सर, बटणाच्या फोनवर मेसेज जातच न्हाई. पाणी दारात आल्यावर कळंल लोकांला."

"मंग? सगळं पुन्हा पयल्यापासून करायचं? दादा आज सही करून चाललेत." त्यांनी आवाज खाली आणला. "तुजी कायम नोकरीची ऑर्डर बी आजच काढायचीय मला. होतं तसं कर."

केबिनमधून दादांनी विचारलं, "झालं का रं, शिवशंकर?"

सायलीनं 'पोचावा' खोडलं. 'निघावा' लिहिलं. लॉग पुन्हा झाकला. पडदा वरपासून खालपर्यंत हिरवागार झाला, दादांची सही झाली, नारळ फुटला, फोटो निघाले. हातावर आलेलं खोबरं तिनं तसंच टेबलावर ठेवलं.

ऑर्डर पर्समध्ये टाकून ती स्टँडवर आली आणि तिनं आईला फोन केला.

"माय, तो मेसेज तुज्या फोनवर यायचा न्हाई. दार उघडायच्या दिवशी मी सोता फोन करीन. आला की लगेच वर शाळेत जाय."

"मला तू करशील, बाई," बायनाबाई म्हणाली. "वस्तीला कोण करंल?"