बिनपिसांचा हंस

तिसरा हंसही मानेतच मोडला.

पाउलूसीने तुकडे बर्फात भिरकावले आणि नवा दगड उचलला. घराबाहेरच्या त्याच फळकुटावर, वाऱ्याकडे पाठ करून, चाळीस वर्षं तो हिरव्या दगडातून प्राणी काढत आला होता. आज त्याने ग्राइंडर मुद्दामच शेडमध्ये ठेवला होता. वडील कुऱ्हाड आणि कानस सोडून तिसऱ्या हत्याराला शिवत नसत. मग त्यांच्यासाठीचा हंस तसाच घडायला हवा, असं त्याने ठरवलं होतं, आणि एकदा ठरवलं की तो बायकोचंही ऐकत नसे.

सकाळीच वस्तीच्या रेडिओवर सांगितलं होतं, पाउलूसीचे वडील काउनाक उद्या दुपारच्या विमानाने घरी येताहेत. तेव्हापासून पाउलूसीच्या घरचा फोन थांबला नव्हता. एका म्हातारीने तर निरोप ठेवला, की लहानपणी उपासमारीच्या हिवाळ्यात काउनाकनीच तिला सीलचं मांस दिलं होतं, तर ती सगळ्यात आधी भेटायला येणार, कोणी आडवं येऊ नये.

दोन महिने वडील दक्षिणेच्या मोठ्या दवाखान्यात होते. पाउलूसीचा मुलगा खाणीवर कामाला, म्हणून सून लीटिया एकटीच त्यांच्यापाशी राहिली होती. सुरुवातीला नळ्या लावल्या होत्या, आता स्वतःचा श्वास घेत होते. तोंडात दात नाही, चालता येत नाही, दिवसातला बराच वेळ झोपेत. जाग आली की मात्र हवं ते तिथल्या तिथे हवं, नाहीतर सगळा मजला डोक्यावर.

"स्वभाव तोच," सीपोरा नवऱ्याला म्हणाली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला सासऱ्यांचा धाक. आत्तापासूनच ती हळू आवाजात बोलायला लागली होती.

शेजारचा जामेसी चहाचा मग घेऊन बाहेर आला आणि मोडलेले हंस बघून हसला. त्याला दुसऱ्याची फजिती बघितल्याशिवाय चहा जात नाही.

"ग्राइंडर लाव आणि मोकळा हो. आता त्यांना नीट दिसतंय तरी का?"

"हाताला कळतं," पाउलूसी म्हणाला.

"आणि नाही आवडलं तर? उठून मारायला येणार आहेत?"

पाउलूसी हातातला दगड फिरवून बघत राहिला. माराचं त्याला काही नव्हतं.

त्याचे प्राणी सहकारी दुकानातून हातोहात जात. अस्वलाचं नखन् नख, हंसाचं पीसन् पीस तो कोरायचा. दक्षिणेची माणसं भिंग घेऊन बघत आणि मान डोलवत. वडिलांनी मात्र त्याचा एकही प्राणी कधी हातात घेतला नाही. त्यांच्या स्वतःच्या अस्वलाला डोळे नसत, नखं नसत. तीन वळणं आणि एक मोठी पाठ, बस्स. पण समोर ठेवलं की माणूस दोन पावलं मागे सरके.

अकरा वर्षांपूर्वी पाउलूसीने आपला सगळ्यात चांगला हंस त्यांच्यापुढे ठेवला होता. ते जेवत होते. त्यांनी बघितलं, पुढचा घास घेतला आणि म्हणाले, "पिसं भरपूर आहेत. हंस कुठाय?"

ते वाक्य त्याला लागलं आणि लागलेलंच राहिलं. पुन्हा काही दाखवायचं धाडस झालं नाही, मग ते राहूनच गेलं. आता ही संधी आली होती. वडिलांनी आपला एक प्राणी हातात धरावा, एवढंच त्याला हवं होतं. साठीच्या माणसाने असं काही हवंसं वाटून घ्यावं, याची त्याला लाजही वाटत होती.

चौथा दगड त्याने कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्याने ठोकून बघितला. आवाज स्वच्छ आला, आत चीर नव्हती. वडिलांच्या हातात जोर नाही म्हणून हंस अंगठ्याएवढाच करायचा होता, आणि म्हणूनच मान मोडत होती. ग्राइंडरने त्याची बोटं केव्हाच बधिर करून ठेवली होती. तरी तो कानस चालवत राहिला. पंखांपाशी आल्यावर हात सवयीने पिसं कोरायच्या टोच्याकडे गेला. त्याने टोचा उचलून सीपोराकडे दिला आणि उद्यापर्यंत लपवून ठेव म्हणून सांगितलं.

मग पंखच काढून टाकले. चोचही काढून टाकली, डोळेही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यावर ठेवून ओल्या पॉलिश पेपरने घासला तेव्हा एक पोट आणि एक लांब मान एवढंच उरलं होतं. तो कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसला. त्याला भीती वाटत होती.

धावपट्टीशेजारच्या छोट्या खोलीत अर्धी वस्ती जमली होती. पाउलूसीने हंस हातमोज्यात धरून ऊबदार ठेवला होता. विमान उतरलं, आणि वाऱ्यात वाकून, जपून पावलं टाकत लीटिया आत आली. लोकांनी वाट करून दिली.

"त्रास दिला का फार?" पाउलूसीने विचारलं.

"पहिले चार दिवस नुसते रडत होते," लीटिया म्हणाली. "नर्स एकेक नाव सुचवायची, हे थांबायलाच तयार नाहीत. शेवटी मी म्हटलं, अहो, आमच्यात गेलेली माणसं नाव घेऊन परत येतात, हे आमचे आजेसासरे आलेत, काउनाक लिहा. तिने लिहिलं, आणि हे जे शांत झोपले!"

तिने पाठ वळवली आणि कोटाची मागची मोठी टोपी हलकेच खाली केली. पाउलूसीने मोजे काढले आणि वाकून हंस पुढे धरला. आत, तिच्या पाठीशी निजलेल्या, दोन महिन्यांच्या वडिलांनी डोळे न उघडता त्याची मान इवल्याशा मुठीत पकडली, आणि काही केल्या सोडली नाही.